‘काळजी नसावी’ नको, तारीख लिहा

प्रति,
मोबाइल बनवणाऱ्या आणि त्यावर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम चालवणाऱ्या (किंवा चालवू पाहणाऱ्या) कंपन्यांचे प्लॅटफॉर्म प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका कंपनीचं पत्र आलं. मला एकट्याला नव्हे, तिच्याकडे नाव नोंदवलेल्या सगळ्याच डेव्हलपरांना आलं असणार. चार परिच्छेद होते. पहिल्यात आभार, दुसऱ्यात नव्या प्रवासाचा उत्साह, तिसऱ्यात ‘सध्याच्या प्लॅटफॉर्मशी आम्ही पूर्णपणे बांधील आहोत’, चौथ्यात पुन्हा आभार. मी ते दोनदा वाचलं आणि त्यात तारीख शोधली. पत्रावर छापलेली सोडली तर एकही नव्हती.

आमच्याकडे पूर्वी मामाचं पोस्टकार्ड यायचं. ‘इकडील सर्व क्षेम’ एवढंच असलं तर आजी ते देवळीत खोचून कामाला लागायची. पण ‘काळजी नसावी’ असं आलं की ती थेट पिशवी भरायला घ्यायची आणि दुपारची एसटी पकडायची. सगळं ठीक असतं तर लिहिलं कशाला, असा तिचा सवाल असे. तुमचं पत्र वाचल्यावर मीही तेच केलं. दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर ॲप न्यायला किती दिवस लागतील, याचा हिशेब मांडायला बसलो.

मी सांगली जिल्ह्यात राहतो आणि दूध संकलन केंद्रांसाठी ॲप बनवतो. तुमच्या सोहळ्यांत मोठ्या पडद्यावर ज्या ॲप्सची चिन्हं झळकतात त्यांत माझं कधी दिसणार नाही, त्याची खंतही नाही. पहाटे साडेपाचला संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागते. सचिव दुधाचा नमुना मशीनला लावतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) येतं, फोनवर उत्पादकाचा कोड टाकला की नाव, लिटर, दर, रक्कम आणि पावती. एका माणसाला फार तर अर्धा मिनिट. तेवढ्यात ॲप अडकलं तर रांग सचिवाकडे बघते, सचिव फोनकडे बघतो आणि मग माझा फोन वाजतो. दहा दिवसांनी बिल निघतं ते याच आकड्यांवर. तुमच्या प्लॅटफॉर्मवर माझं ॲप उभं आहे आणि माझ्या ॲपवर कुणाच्या तरी घरचा किराणा.

एकदा माझे हात पोळले आहेत, ते आधी सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. ती आता त्या धंद्यात नाही आणि चूक अर्धी माझीही होती. तिचे हँडसेट स्वस्त होते, बॅटरी दोन दिवस टिकायची, गोठ्यातल्या ओल्या हातांनाही बटणं दाबली जायची. मी केंद्रांना तेच घ्यायला लावले. मग एक अपडेट आलं आणि मराठीतला ‘ऱ्य’ मोडला. ‘शेतकऱ्याचे नाव’ या ओळीत र वेगळा, त्याखाली लंगडा हलन्त आणि पुढे सुटा ‘या’. एका गावात कुऱ्हाडे आडनावाची बरीच घरं होती. त्यांतले एक आजोबा पावती उलटसुलट करून म्हणाले, ‘दूध बरोबर लिहिलंय, पण माझं नाव का तोडलंय?’ मी कंपनीला दोषाची नोंद पाठवली, चित्रं जोडली, र कुठे वळायला हवा ते अक्षर काढून दाखवलं. उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल. त्याच सुमारास ‘आम्ही बांधील आहोत’ हे पत्रही आलं. पुढची आवृत्ती मात्र कधी आलीच नाही. वर्षभरात प्लॅटफॉर्म बंद झाला, नऊ केंद्रांचे हँडसेट मी निम्मे पैसे माझ्या खिशातून घालून बदलून दिले, आणि कुऱ्हाड्यांचं नाव तोवर तुटलेलंच राहिलं.

हे माझं किरकोळ प्रकरण झालं. पण या पत्रांची जात जुनी आहे. तुमच्या कार्यालयांत आज जे बसलेत त्यांतल्या अनेकांनी तेव्हा नोकरीही धरली नसेल, म्हणून २०११ ची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये नोकियाने डेव्हलपरांना सांगितलं की आता ॲप लिहायची एकच चौकट धरा, क्यूटी. सिम्बियन या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठीही तीच आणि इंटेलबरोबर आणलेल्या मीगो या नव्या सिस्टीमसाठीही तीच. एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा. सिम्बियनसाठी ज्यांनी कधी कोड लिहिला असेल त्यांना या घोषणेची किंमत कळेल. त्यातली जुनी सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे साधी अक्षरांची ओळ हाताळायची तरी शपथ घेऊन बसावं लागे. लोक खूश झाले. क्यूटीची पुस्तकं मागवली गेली, जुनी ॲप्स नव्याने लिहायला घेतली गेली. त्यानंतर चार महिने व्हायच्या आतच, ११ फेब्रुवारी २०११ ला, लंडनमध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन एलॉप आणि मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर शेजारी शेजारी उभे राहिले. इथून पुढे नोकियाचा मुख्य स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या सिस्टीमवर चालणार होता, आणि विंडोज फोनवर क्यूटी नव्हती.

त्याच्या काहीच दिवस आधी एलॉप यांचं कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र बाहेर फुटलं होतं. समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटाला आग लागली आहे, एक माणूस कडेला उभा आहे, आणि त्याने खालच्या थंडगार पाण्यात उडी घ्यायची की नाही ते ठरवायचं आहे, असा तो दाखला. दाखला जोरकस होता यात वाद नाही. पण त्याच फलाटावर हजारो डेव्हलपर आपापल्या वळकट्या टाकून बसले होते आणि त्यांना आग लागल्याचं कळलं ते वर्तमानपत्रातून. (आमच्याकडे फलाट म्हणजे मिरज जंक्शनचा. तिथली बाईसुद्धा गाडी किती मिनिटं उशिरा आहे आणि कोणत्या फलाटावर येईल ते सांगते. ‘रेल्वे आपल्या प्रवासाशी बांधील आहे’ एवढंच म्हणून थांबत नाही.)

लंडनच्या घोषणेबरोबरच डेव्हलपरांसाठी खुलं पत्र निघालं. सिम्बियन लगेच संपत नाही, अजून सुमारे १५ कोटी सिम्बियन फोन विकायचे आहेत, तेव्हा क्यूटीत काम चालू ठेवा, असा एकूण सूर. मार्चमध्ये आणखी एक पत्र आलं. सिम्बियनला किती काळ आधार देणार, हा प्रश्न वारंवार विचारला जातो, पण त्याला एकच एक उत्तर देणं अवघड आहे, हे त्यात कबूल केलं होतं. एवढा प्रामाणिकपणा तरी होता. त्यातलं एक कारण आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. विंडोज फोनमध्ये सगळ्या भाषा पहिल्या दिवसापासून नसतील, त्यामुळे चीन, भारत, रशिया, तुर्कस्तान अशा बाजारांत सिम्बियन फोन येत राहतील. म्हणजे आमच्या भाषा नव्या घरात अजून बसत नव्हत्या, म्हणून जुन्या घराचा दिवा थोडा जास्त वेळ जळणार होता.

पुढे काय झालं? एप्रिलमध्ये सिम्बियनचं काम आणि जवळपास ३,००० माणसं ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीकडे द्यायचं ठरलं. २०१६ पर्यंत तिथून आधार मिळेल असं सांगितलं गेलं. जूनमध्ये सिंगापुरात एन९ दाखवला. मीगोचा, क्यूटीवरचा, देखणा फोन, आणि तो हातात घेईपर्यंत त्याच्या घराण्याचा वंश खुंटल्याचं सगळ्यांना माहीत होतं. १ जानेवारी २०१४ पासून नोकियाच्या स्टोअरने सिम्बियन आणि मीगोची नवी ॲप्स आणि जुन्यांची अपडेट घेणं थांबवलं. २०१६ चा शब्द कागदावर होता खरा, पण ॲपमधली एक चूक सुधारून पाठवायची खिडकी त्याच्या कितीतरी आधी लागली. ‘आधार’ हा शब्द तुम्ही वापरता तेव्हा त्याचे असे दोन अर्थ होतात. तुमचा म्हणजे कुणीतरी कार्यालयात बसलेलं असणं. आमचा म्हणजे दुरुस्त केलेलं ॲप गिऱ्हाइकाच्या फोनपर्यंत पोहोचणं.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. तारीख सांगितली की दुकानदार उद्यापासून माल उचलत नाही, गिऱ्हाईक थांबून राहतं, शेअर पडतो. म्हणून वकील आणि विक्री विभाग मिळून प्रत्येक वाक्यातून आकडा गाळून टाकतात. पण नोकियाने मार्चच्या त्या पत्रात आकडा दिला नव्हता, तरी माल उचलणं थांबलंच. २०१० च्या शेवटच्या तिमाहीत तिने सुमारे २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन विकले होते; २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत ते १ कोटी ६७ लाखांवर आले, आणि पहिला लुमिया, म्हणजे विंडोजवरचा नोकिया फोन, तेव्हा अजून दाखवायचाही होता. तारीख लपवून विक्री वाचत असती तर ती तिथे वाचायला हवी होती.

आणि ज्यांनी नोकियाचं ऐकून विंडोज फोनकडे मोर्चा वळवला त्यांचं तरी काय झालं? एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेत लुमिया ९०० विक्रीला आला. २० जूनला जाहीर झालं की विंडोज फोन ८ येतोय आणि आजचा एकही फोन त्यावर जाणार नाही. तीन महिनेही झाले नव्हते.

एचपीचं प्रकरण तर दिवसांतच मोजता येतं. पाम ही कंपनी २०१० मध्ये १२० कोटी डॉलरना घेतली, फेब्रुवारी २०११ मध्ये तिची वेबओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम फोनपासून संगणकापर्यंत आणि प्रिंटरपर्यंत सगळीकडे नेऊ म्हणून सांगितलं, १ जुलैला टचपॅड हा टॅबलेट बाजारात आणला आणि १८ ऑगस्टला तो धंदा बंद. एकोणपन्नास दिवस. आमच्याकडे म्हशीला नव्या गोठ्याची सवय व्हायलाही याहून जास्त दिवस लागतात.

ब्लॅकबेरीबद्दल मात्र मला एक चांगली गोष्ट सांगायची आहे, कारण तिने शब्दाबरोबर पैसे ठेवले होते. २०१२ मध्ये नव्या ब्लॅकबेरी १० साठी ॲप्स हवी होती. तेव्हा तिने सांगितलं, तुमचं ॲप आमच्या कसोटीला उतरलं आणि पहिल्या वर्षात किमान १,००० डॉलर कमावले, तर १०,००० ला जेवढे कमी पडतील तेवढे आम्ही भरू. अटी होत्या, मर्यादा होत्या, तरी आकडा होता. लहान माणूस आकड्यावर विचार करू शकतो: इतके महिने काम, इतका धोका, वाईटात वाईट इतकं हातात येईल. त्याच कंपनीने प्लेबुक टॅबलेटवर ब्लॅकबेरी १० आणू असं सांगून ठेवलं होतं. जून २०१३ मध्ये तो बेत सोडल्याचं जाहीर झालं. त्या शब्दामागे आकडा नव्हता. शेवटी ४ जानेवारी २०२२ ला जुन्या ब्लॅकबेरी प्रणालींच्या सेवा बंद झाल्या. ती तारीख तिने बऱ्याच आधी सांगून ठेवली होती आणि पाळली. मरणाची तारीख आधी कळवणारी कंपनी विरळाच, म्हणून नोंद केली.

ॲपलला मी मवाळ म्हणणार नाही. तिथले नियम कडक, आणि ॲप नाकारल्याचं कारण अनेकदा अर्ध्या ओळीचं. पण जुन्या धाटणीची ३२ बिटची ॲप्स काढून टाकायची ठरली तेव्हा पायऱ्या सांगितल्या गेल्या: फेब्रुवारी २०१५ पासून नवी ॲप्स ६४ बिटची, जूनपासून अपडेटही. प्रत्यक्ष दरवाजा बंद झाला तो सप्टेंबर २०१७ मध्ये, आयओएस ११ बरोबर. कितीतरी जुनी ॲप्स त्यात गेली, माझ्या भाच्याचा आवडता खेळही गेला. पण कुणाला झोपेतून उठवून घराबाहेर काढलं गेलं नाही. मला सहानुभूती नको आहे. दोन वर्षं आधी भिंतीवर लावता येईल असं कॅलेंडर हवं आहे.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं त्याकडे येतो. तुमच्या सद्भावनेवर अवलंबून न राहणारं आश्वासन जगात आहे, आणि ते याच गोष्टीतल्या क्यूटीचं आहे. १९९८ मध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची सगळी इमारत क्यूटीवर उभी होती आणि क्यूटी होती नॉर्वेतल्या ट्रोलटेक या छोट्या कंपनीची. उद्या ही कंपनी विकली गेली, बुडाली किंवा मालकाचं डोकं फिरलं तर? तेव्हा दोघांनी मिळून एक संस्था स्थापली आणि करार केला. कंपनीने क्यूटीची मुक्त आवृत्ती ठरलेल्या मुदतीत, म्हणजे बारा महिन्यांत, काढली नाही, तर संस्थेला ती अगदी सैल परवान्याखाली सगळ्यांना खुली करता येईल. बस, एवढंच. मग २००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक घेतली. २०११ चा तो फेब्रुवारी आला. २०१२ मध्ये क्यूटी फिनलंडच्याच डिजियाकडे गेली, पुढे तिची स्वतंत्र कंपनी झाली. मालक बदलत गेले, करार सोबत जात राहिला. ज्या क्यूटीवर नोकियाच्या डेव्हलपरांना बसवून नोकिया स्वतः उठून गेली, ती क्यूटी आज गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये चालते आहे. कुणीही कुणाला ‘आम्ही बांधील आहोत’ असं पत्र लिहिलं म्हणून नव्हे, तर बांधून घेतलं होतं म्हणून.

तेव्हा पुढचं पत्र लिहाल तेव्हा आभाराचे दोन परिच्छेद काढून त्या जागेत एवढं बसवा. या प्लॅटफॉर्मवर ॲपचं अपडेट किमान कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारलं जाईल, दिवस-महिना-वर्ष. त्यानंतर आधीच चढवलेलं ॲप नव्या हँडसेटवर उतरवता येईल का, आणि किती काळ. ॲपवर डिजिटल सही करायची प्रमाणपत्रं कधी संपतात, आणि ती संपली म्हणून चालू ॲप बंद पडणार असेल तर ते स्पष्ट शब्दांत. स्टोअरमध्ये अडकलेले आमचे पैसे किती दिवसांत येतील. उघडी पडलेली दोषांची यादी कोण बघणार; कुणीच बघणार नसेल तर निदान अक्षरं मांडणारा भाग खुला करा, आमचा ‘ऱ्य’ आम्ही नीट करून घेऊ. आणि हे सगळं स्टोअरच्या करारनाम्यात घाला. आज त्या करारात उलट ओळ असते, की कंपनी कधीही, कोणतंही कारण न देता, सेवा बंद करू शकेल. एकाच आठवड्यात पत्रात बांधील आणि करारात मोकळे, हे कसं जमतं, ते मला शिकून घ्यायचं आहे. दूध संघाशी दर ठरवताना कामाला येईल.

होत नाही असं म्हणू नका. फोन विकत घेणाऱ्याला तुम्ही हे द्यायला लागला आहात. पिक्सेल ८ बरोबर ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला, तीन महिन्यांनी गॅलेक्सी एस२४ बरोबर सॅमसंगनेही दिला. युरोपीय संघाने तर जून २०२५ पासून नियमच केला आहे की फोनचं मॉडेल बाजारात आणणं थांबवल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यायचे. गिऱ्हाइकासाठी वर्षं मोजून लिहिता येतात तर त्या फोनवर गिऱ्हाईक जे वापरतं ते बनवणाऱ्यासाठी का नाही?

जे आज अँड्रॉइडपासून फारकत घेऊन स्वतःचं घर बांधत आहेत त्यांना तर हे जास्त लागू आहे. हुआवेने ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्मनीओएसची नवी पिढी आणली, तिच्यात अँड्रॉइडची ॲप्स सरळ चालत नाहीत. सगळं नव्याने लिहायचं. चीनमधल्या मोठ्या कंपन्या लिहितील, त्यांच्याकडे माणसं आहेत. पण उद्या कुणी असंच काही घेऊन भारतात आलं आणि मला म्हणालं की आमच्यासाठी लिही, तर मी पहिल्यांदा विचारीन तो हँडसेटचा भाव नसेल.

पत्र आज लिहायला बसलो त्याला निमित्त आहे. एका दूध संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर आहे. नवे फोन आणि ॲप घ्यायचं तर सभेपुढे कोटेशन ठेवावं लागतं. सचिवांनी छापील तक्ता पाठवला आहे: वस्तू, नग, दर, एकूण, आणि शेवटचा रकाना ‘किती वर्षे चालेल’. हा रकाना त्यांनी आपल्या पेनाने वाढवला आहे, कारण मागच्या वेळी ते फसले होते. माझ्यामुळे. बाकी सगळं मी भरलं. परवा त्यांचा फोन आला, ‘सर, तेवढा एक आकडा टाका की.’ मी म्हटलं, विचारून सांगतो.

म्हणून विचारतो आहे. सभेच्या आधी उत्तर आलं तर बरं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तुमच्या यादीतला एक डेव्हलपर
जि. सांगली